चावलेला कुत्रा कोणाचा, हे जखमी माणसाने का सिद्ध करायचे?

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: भटक्या कुत्र्यांच्या चाव्याने जखमी किंवा मृत झालेल्यांना ठरावीक मुदतीत, ठरावीक भरपाई देण्याची योजना लागू करणेबाबत.

महोदय,

मी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात वकिली करतो. हा बिबट्यांचा पट्टा. इथे बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला, तर शासन वारसांना 25 लाख रुपये देते. कायमचे अपंगत्व आले तर साडेसात लाख, गंभीर जखमीला पाच लाख. वनविभागाचे लोक येतात, पंचनामा करतात, कागद पुढे सरकतात. बिबट्या कोणाचा होता, वनविभागाचे काय चुकले, असे प्रश्न त्या घराला कोणी विचारत नाही. शासनाच्या त्या यादीत लांडगा आहे, कोल्हा आहे, रानकुत्रासुद्धा आहे. त्याच तालुक्यात, बसस्टँडमागच्या गल्लीत एखाद्या पोराच्या गालाचा लचका भटक्या कुत्र्याने तोडला, तर मात्र त्या पोराच्या बापाने दाद मागायची कोणाकडे, हे राज्याच्या कोणत्याही शासन निर्णयात लिहिलेले नाही. त्याने दावा लावायचा, निष्काळजीपणा सिद्ध करायचा आणि तारखा मोजायच्या.

हा फरक काढून टाका, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहीत आहे.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पहाटे साडेपाचला निघून पाच घरी पोळ्या लाटायला जायच्या. मंडईच्या मागे कचरा पडतो तिथे कुत्र्यांच्या टोळक्याने घेरले आणि त्यातल्या एकाने पोटरी पकडली. सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखम खोल होती, तिच्या आत आणि भोवती सीरम (रेबीजविरुद्ध लगेच संरक्षण देणारे औषध) टोचायला हवे होते आणि ते त्या दिवशी शिल्लक नव्हते. हे सीरम माणसाच्या वजनाप्रमाणे द्यावे लागते, म्हणजे मोठ्या माणसाला जास्त. भावाने उसने पैसे काढून बाहेरच्या मेडिकलमधून आणले. पुढे लसीच्या कोर्सच्या फेऱ्या: पहिला दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. पाय सुजलेला, उभे राहून लाटणे जमेना. दोन घरांनी दुसरी बाई ठेवली.

त्यांनी माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. त्यात मेडिकलचे बिल, सीरमची रिकामी बाटली, फाटलेली सलवार आणि एक केस पेपर होता. केस पेपरवर लिहिले होते: ‘डॉग बाइट, कॅट थ्री, एआरव्ही पहिला.’ म्हणजे तिसऱ्या, सर्वांत गंभीर गटाचा चावा आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस. बस्स. दातांच्या खुणा किती, जखम किती लांब, किती खोल, कुठे चावला, किती वाजता, काही नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्या ओपीडीत त्या वेळी दोनशे माणसे उभी असतात. पण वकील म्हणून माझ्या हातात उरला तो एवढाच पुरावा.

पालिकेच्या बारनिशीत अर्ज दिला, पोच घेतली. बऱ्याच दिवसांनी तोंडी उत्तर मिळाले: कुत्रा पाळीव होता की मोकाट, ते आधी सांगा. पाळीव असेल तर मालकाकडे जा. मोकाट असेल तर आमच्याकडे अशी भरपाईची तरतूद नाही.

महोदय, हे उत्तर देणारा कारकून खोटे बोलत नव्हता. तरतूद खरोखरच नाही.

आता कायद्याने उरलेले रस्ते पाहा. दिवाणी दावा लावता येतो. महापालिकेच्या हद्दीतली घटना असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चे कलम 487 आडवे येते: आधी एक महिन्याची नोटीस द्या आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावा. ज्याला नोटीस म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याचे सहा महिने लस, ड्रेसिंग आणि उधारी फेडण्यात जातात. मुदतीत आला तरी पालिकेने काळजी घेतली नाही हे सिद्ध करायचे. म्हणजे त्या प्रभागात निर्बीजीकरण किती झाले, ठेका कोणाला, तक्रारी किती आल्या, हे सगळे कागद ज्या पालिकेच्या कपाटात आहेत तिच्याविरुद्धच ते मिळवायचे. दुसरा रस्ता उच्च न्यायालयाचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खाली जगण्याच्या हक्काची रिट याचिका. तिथे न्याय मिळू शकतो, पण पोळ्या लाटणाऱ्या बाईने मुंबई गाठायची कशी? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो हे खरे आहे आणि मी प्रत्येकाला ते सांगतो. पण वकील मोफत मिळाला म्हणून बुडालेली मजुरी परत येत नाही.

भटक्या कुत्र्यांविषयीचे धोरण कोणाचे आहे, हा माझ्या मते खरा मुद्दा. प्राणी जन्म नियंत्रण नियम केंद्राने 2001 साली केले, 2023 मध्ये नवे आणले. त्यांनुसार पालिकेने कुत्रा पकडायचा, निर्बीजीकरण करायचे, लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच परत सोडायचा. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला होता. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: पिसाळलेले आणि आक्रमक वगळता बाकीची कुत्री निर्बीजीकरणानंतर त्याच भागात सोडावीत. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्यापुरता अपवाद केला, तिथून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत. गल्ल्या आणि रस्ते मात्र पूर्वीच्याच नियमाखाली राहिले.

मी या धोरणाच्या विरोधात नाही. विष घालून, गोळ्या घालून शहरे कुत्रेमुक्त झाली नाहीत. एक टोळी गेली की त्या कचऱ्यावर दुसरी येते. लस टोचलेली, पिल्ले न होणारी कुत्री गल्लीत राहणे हेच रेबीज रोखायला जास्त उपयोगी आहे, असे माझेही मत आहे. माझ्या स्वतःच्या दारात अशा दोन कुत्र्या आहेत.

पण शासन जेव्हा कायद्याने ठरवते की कुत्रा गल्लीतच राहील, तेव्हा त्या गल्लीतल्या धोक्याची जबाबदारीही शासनाने घ्यायला हवी. पूर्वी एखादा म्हणू शकला असता की मोकाट कुत्रा म्हणजे निसर्ग, त्याला सरकार काय करणार. आता तसे म्हणता येत नाही. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते, पालिकेच्या नोंदवहीत त्याची नोंद असते, सरकारी गाडीतून तो परत आणून सोडलेला असतो. आणि ज्याच्या कानाला खूण नाही, तो पालिकेचे काम राहिल्याचा पुरावा आहे. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी जबाबदारी एकाच दारात येते. हे धोरण सगळ्या समाजाने स्वीकारलेले आहे. मग त्याची किंमत पहाटे कामाला निघणारी बाई, दूधवाला, सफाई कामगार, पेपर टाकणारा मुलगा आणि अंगणात खेळणारे लेकरू यांनीच का भरायची? गाडीत बसून जाणाऱ्याला कुत्रा सहसा चावत नाही.

इतर राज्यांनी काय केले, हे आपल्या विभागाला माहीत असणारच. केरळसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. जखमींनी साध्या अर्जाने तिच्याकडे जायचे, समितीने भरपाई ठरवायची, स्थानिक संस्थेने द्यायची. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये 193 याचिका एकत्र निकाली काढताना थेट मापच घालून दिले: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10 हजार रुपये आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20 हजार. जिल्ह्याच्या उपायुक्ताच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्याच्या) अध्यक्षतेखाली समिती आणि चार महिन्यांत निर्णय. भरपाई आधी राज्याने द्यायची, मग ज्याची चूक असेल त्या खात्याकडून किंवा खासगी माणसाकडून वसूल करायची. शेजारच्या कर्नाटकाने 2025 मध्ये मृत्यूसाठी पाच लाख, जखमीला 3,500 रुपये आणि उपचारासाठी 1,500 असे ठरवले. जखमीची रक्कम तुटपुंजी आहे, पण जबाबदारी आपली आहे हे त्या सरकारने निदान मान्य केले. जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुनावणीदरम्यान बोलून दाखवले की चाव्यामुळे मुले किंवा वृद्ध जखमी झाले, दगावले, तर राज्यांवर मोठी भरपाई बसवावी लागेल. ते बसवण्याआधी महाराष्ट्राने स्वतःहून पाऊल उचलावे.

दाताच्या खुणा मोजून पैसे द्यायची कल्पना काहींना विचित्र वाटते. मला ती आवडली. खुणा मोजता येतात. त्यावर वाद होत नाही, वकील लागत नाही. तिची उणीव एवढीच की पोटरीवरची खूण आणि पाच वर्षांच्या मुलीच्या ओठावरची खूण तिच्या लेखी सारखीच. आपण नियम करताना चेहरा, डोळा आणि हाताची बोटे यांचा वेगळा दर ठेवावा, आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब किमान वेतनाने करावा.

यंत्रणा नव्याने उभारायचीही गरज नाही. 13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मरण पावलेल्यांच्या वारसांना सहा लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती सांगितली, दावा आल्यावर सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायला सांगितले आणि ते दोषी अधिकारी, ठेकेदारांकडून वसूल करायची मुभा ठेवली. हीच समिती, हेच टेबल, हीच मुदत श्वानदंशालाही लावा. रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून पाय मोडला तर पालिका जबाबदार, आणि त्याच रस्त्यावर कुत्र्याने पाय फोडला तर कोणीच नाही, याला काही तर्क आहे का?

पैशाचे काय, हा प्रश्न वित्त विभाग विचारेल, आणि तो विचारायलाच हवा. केंद्राने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार 2024 मध्ये देशात 37 लाख 17 हजार श्वानदंश नोंदले गेले, त्यातले सुमारे 4 लाख 85 हजार महाराष्ट्रात. सरसकट सगळ्यांना कर्नाटकाइतके 3,500 दिले तर सुमारे 170 कोटी होतात. प्रत्येकाला किमान 10 हजार दिले तर 485 कोटी. यात पाळीव कुत्र्यांचे चावेही आले आणि नुसत्या ओरखड्याचेही. ते वजा केल्यावर रक्कम बरीच खाली येईल. तरीही ती मोठी असेल, मान्य. पण ती नव्याने निर्माण होणार नाही. हे नुकसान आजही होतच आहे. फक्त ते जखमी माणूस सोनाराकडे डोरले गहाण ठेवून भरतो, म्हणून कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. शासनाच्या खात्यावर ते आले की निर्बीजीकरणाचा ठेका कोणाला दिला, त्याने खरेच किती शस्त्रक्रिया केल्या, मंडईचा कचरा वेळेवर का उचलला जात नाही, हे प्रश्न आयुक्त स्वतः विचारू लागतील.

खोटे अर्ज येतील, ही दुसरी शंका. त्याला आळा घालायची सोय आधीच आहे. लस घेणाऱ्या प्रत्येकाची दवाखान्यात नोंद होते आणि ते आकडे वरपर्यंत जातात. नोंद असेल तरच अर्ज घ्या. किंबहुना अर्ज तिथेच, लसीच्या खोलीतच भरून घ्या. माणसाला पालिकेत जायलाच लावू नका.

पाळीव कुत्र्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे निदान कायदा स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजी राहणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हा दंड हजार रुपये होता. पण निकाल कधी लागतात? मुंबईत 2010 साली एका रॉटवायलर जातीच्या कुत्र्याने माणसाला चावे घेतले, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली 2023 मध्ये. वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला 2018 मध्ये, मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली 2025 मध्ये. आणि शिक्षा झाली म्हणून जखमीच्या उपचाराचे बिल आपोआप भरले जात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 395 खाली न्यायालय आरोपीकडून भरपाई देववू शकते, पण ती मागावी लागते. सरकारी वकिलांनी अशा प्रत्येक खटल्यात ती मागावी, असे परिपत्रक विधी व न्याय विभागाने काढले तर बराच फरक पडेल. कुत्र्याचा परवाना देताना तृतीय पक्ष विमा बंधनकारक करता येईल का, हेही तपासावे. दुचाकीला तो लागतो, साठ किलोच्या कुत्र्याला का नको?

एक गोष्ट मात्र करू नका. ही जबाबदारी कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्यांवर ढकलून मोकळे होऊ नका. खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने पालिकांना सांगितले आहे. ज्या गावात एकही जागा ठरलेली नाही, तिथल्या आजीबाईंना कुत्र्याच्या मालक ठरवणे हा न्याय नव्हे. जागा ठरवून दिल्यावरही कोणी शाळेच्या दारात मांस टाकत असेल, तर त्याच्याकडून जरूर वसूल करा. पण ती वसुली शासनाची डोकेदुखी असू द्या. जखमीला पैसे आधी मिळाले पाहिजेत. कुत्रा कोणाचा, चूक कोणाची, हा तपास नंतर आणि शासनाच्या खर्चाने व्हावा.

मृत्यूच्या बाबतीत वेगळा दर ठरवायचे कारणच नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यासाठी जो आहे तोच असावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि तो मृत्यू वेळेवर लस आणि सीरम मिळाले तर जवळजवळ नेहमी टाळता येतो. म्हणून जिथे दवाखान्यात सीरम नसल्याने माणूस दगावला, तिथे भरपाईसोबत त्या साठ्याची चौकशीही व्हावी.

योजनेचा शासन निर्णय निघायला वेळ लागेल, याची कल्पना आहे. मंत्रिमंडळाची मान्यता, वित्त विभागाचे अभिप्राय, तरतूद, सगळे आले. म्हणून एक काम आधी करावे, ज्याला यातले काहीच लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाने सर्व शासकीय आणि पालिका रुग्णालयांना श्वानदंशाच्या केस पेपरसाठी एक रबरी शिक्का द्यावा. त्यात सहा रकाने असावेत: चावा कुठे घडला, किती वाजता, कुत्रा पाळीव की भटका, दातांच्या खुणा किती, जखमेची लांबी-खोली, आणि सीरम दिले की बाहेरून आणायला सांगितले. नर्सताईंना हे भरायला दोन मिनिटे लागतील. आणि योजना लागू होईल तेव्हा असा केस पेपर जवळ असलेल्या आधीच्या जखमींनाही अर्ज करू द्यावा, म्हणजे शासन निर्णयाची वाट पाहण्याच्या काळात चावलेल्या माणसांचा हक्क बुडणार नाही.

या पत्राची प्रत राज्यातल्या सर्व महापालिका आयुक्तांना आणि नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना पाठवत आहे.

आपला विश्वासू,
उत्तर पुणे जिल्ह्यातील एक वकील